डोळे मिटून पाहणें

ज्या विषयावर आज मला बोलावयाचें आहे, तो नभोवाणीला सर्वांत गैरसोयीचा विषय आहे, हें आधींच कबूल केलें पाहिजे. हें यंत्र माझा आवाज तेवढा आपल्या घरापर्यंत आणून पोंचवितें; आणि मला तर आज वासाविषयीं, चवीविषयीं आणि हाताला लागणाऱ्या मऊ-खरखरीतपणाविषयीं बोलावयाचें आहे. माझ्यासमोर या मेजावर एका वाटींत सुकलेलीं बकुळीचीं फुलें आहेत, शेजारीं नदीच्या पात्रांतून उचललेल्या दोन गारगोट्या आहेत आणि एक आवळा आहे. यांपैकीं एकही वस्तु आपल्या हातांत देणें मला शक्य नाहीं. तथापि आपल्या घरांत, परसांत, निदान समोरच्या रस्त्याच्या कडेला यांचीं भावंडें खात्रीनें असतील. तेव्हां माझ्या भाषणांतील उणें आपण स्वतःच भरून काढाल, या भरंवशावर मी बोलावयास आरंभ करतों.

निसर्गाचें सौंदर्य म्हटलें कीं आपल्या मनापुढें काय उभें राहतें? सूर्यास्त, समुद्र, हिरवे डोंगर, एखादा धबधबा. शब्दसुद्धां आपण कोणते वापरतों पाहा : देखावा, दृश्य, शोभा, दर्शन. बहुतेक सारे शब्द डोळ्यांचे. महाबळेश्वरास गेलेलें कुटुंब सकाळीं मोटारींत बसतें आणि एका 'पॉइंटा'वरून दुसऱ्या 'पॉइंटा'वर जातें. पॉइंट म्हणजे डोळ्यांसाठीं बांधलेला ओटा. तेथें उभें राहावयाचें, कठड्याला टेकावयाचें, 'वा!' म्हणावयाचें, आणि आतां खिशांतला मोबाइल काढून एक छायाचित्र घेतलें कीं तो पॉइंट झाला. त्या दरींतून वर येणाऱ्या वाऱ्याला कसला वास होता, हें परतल्यावर विचारलें तर घरांतील एकालाही सांगतां येत नाहीं. वाटेंत खाल्लेल्या मक्याच्या कणसाचा वास मात्र सर्वांना आठवतो. त्यांत मला कांहीं गैर वाटत नाहीं. निदान तेवढ्यापुरतें तरी नाक जागें झालेलें असतें.

हें मी दुसऱ्यांची थट्टा करण्यासाठीं सांगत नाहीं. पस्तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविणारा मी स्वतः याच पंथाचा होतों. मुलांना घेऊन सिंहगडावर गेलों तरी 'ती पाहा डोंगरांची रांग, ती पाहा नदी' एवढेंच माझें चाले. नकाशा आणि देखावा यांपलीकडे निसर्गांत कांहीं आहे, हें कळावयास मला एक आजार व्हावा लागला.

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, आमच्या घरांतील सर्वच माणसें आजारी पडलीं. त्या दिवसांत कित्येक घरांवर जें संकट कोसळलें त्या मानानें आम्हांला कांहींच झालें नाहीं, असें म्हटलें पाहिजे. मला ताप चार दिवस आला आणि गेला. पांचव्या दिवशीं सकाळीं पत्नीनें चहा आणून दिला आणि ती म्हणाली, "अहो, आज आलं जरा जास्तच पडलंय, चालेल ना?" मला आलें लागलेंच नाहीं. गरम पाणी प्यावें तसा तो चहा मी प्यालों. गोड आहे एवढें जिभेनें सांगितलें. त्यापलीकडे ती कांहीं सांगेना. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा अळिंब्यांच्या रश्शांत असते तसली एक चव, एवढ्याच गोष्टी कळतात. आपण जिला 'चव' म्हणतों तिचा फार मोठा भाग नाकाच्या पदरचा असतो, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. आतां तें पेल्यापेल्यागणिक पटूं लागलें.

गेला तसा वास परतही येईल, असें सर्वजण म्हणत, आणि मीही तें फारसें मनावर घेतलें नाहीं. खरा धक्का बसला तो जूनच्या पहिल्या पावसाला. दुपार कलली होती. वारा सुटला, धूळ उडाली, खिडक्या आपटल्या आणि टपोरे थेंब पडूं लागले. शेजारचीं मुलें आरडत बाहेर धांवलीं. आम्ही दोघेंही गॅलरींत येऊन उभीं राहिलों. पत्नीनें एक दीर्घ श्वास घेतला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे पाहत राहिलों. पाऊस मला दिसत होता, ऐकूं येत होता, हात पुढें केला तर लागतही होता. परंतु चित्रपटाच्या पडद्यावर पडावा तसा तो पडत होता. पहिल्या पावसाचें जें कांहीं मला सदुसष्ट वर्षें आवडत आलें होतें, तें पाहण्यांत नव्हतेंच! माझ्या डोळ्यांत पाणी आलें, हें सांगावयास मला संकोच वाटत नाहीं.

या वासाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. आपण त्याला मातीचा वास म्हणतों. पण कोरड्या मातीला तो नसतो आणि निव्वळ पाण्यालाही नसतो. १९६४ सालीं इझाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीं त्याचा छडा लावून त्याला 'पेट्रिकोर' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत 'पेट्रा' म्हणजे दगड, आणि 'इकोर' म्हणजे देवांच्या शिरांतून वाहणारा रस. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून निघणारीं तेलें दगडमातींत जिरून राहतात आणि पाणी लागतांच मोकळीं होतात, असें त्यांना आढळलें. या तेलांच्या जोडीला 'जिओस्मिन' नांवाचें एक द्रव्य असतें. तें मातींतील सूक्ष्म जंतु तयार करतात. बीटाच्या कंदाला जो मातकट वास येतो तोही त्याचाच. या एका द्रव्याच्या बाबतींत मनुष्याचें नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी भाग पाण्यांत त्याचे पांच-दहा भाग असले तरी तें ओळखूं शकतें. पुढें २०१५ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्रसंस्थेंत अतिवेगवान कॅमेऱ्यानें पावसाच्या थेंबांचें चित्रण करण्यांत आलें. तेव्हां असें दिसलें कीं, सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला कीं त्याच्या पोटाखालीं हवेचे बारीक बुडबुडे सांपडतात, ते वर येऊन फुटतात आणि त्यांबरोबर वास घेऊन येणारे तुषार हवेंत उडतात, सोडावॉटरच्या पेल्यांतून उडतात तसे. हलक्या सरींत हें चांगलें घडतें, मुसळधारेंत नाहीं. पहिल्या शिडकाव्याची मौज आषाढाच्या झडीला कां नसते, याचें उत्तर निदान अंशतः यांत आहे.

शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधीं कनौजच्या अत्तरवाल्यांनीं हा वास कुपींत धरला होता. भाजलेली माती तांब्याच्या डेगींत पाण्याबरोबर शिजवावयाची आणि तिची वाफ चंदनाच्या तेलांत उतरवावयाची, अशी त्यांची रीत आहे. बेअर आणि टॉमस यांनाही या अत्तराची माहिती होती. मीं त्याची एक लहानशी कुपी मागविली, बूच काढून नाकाशीं धरली, आणि पुन्हां बूच लावून ठेवून दिली. कांहीं नाहीं.

मग मी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे गेलों. हा विषाणु वास जाणणाऱ्या पेशींना सहसा थेट मारीत नाहीं, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घाला घालतो, असें त्यांनीं समजावून दिलें; आणि औषध न देतां एक व्यायाम सांगितला. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं टोमास हुमेल आणि त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं हा उपाय प्रसिद्ध केला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास घ्यावयाचे. सकाळीं व संध्याकाळीं, प्रत्येक वास कांहीं क्षण हुंगावयाचा. आणि असें बारा आठवडे करावयाचें. "पण नुसतं नाक पुढं करूं नका," डॉक्टर म्हणाले. "गुलाब कसा होता, तें त्या वेळीं आठवा."

आरंभीं मला हा पोरखेळ वाटला. चार बाटल्या मांडून बसलेला म्हातारा पाहून माझ्या नातीलाही तसेंच वाटलें असावें. परंतु आठवावयास बसलों आणि माझी फजिती झाली. लवंग मीं जन्मांत कितीदां तरी चावली असेल; पण लवंगेचा वास कसा असतो, असें स्वतःला विचारलें तर 'लवंगेसारखा' यापलीकडे उत्तर सुचेना! सिंहगडाच्या कल्याण दरवाजाचें वर्णन करा म्हटलें असतें तर मीं पानभर लिहून दिलें असतें. जी वस्तु मीं नुसती पाहिली तिचें वर्णन पानभर, आणि जी हुंगली, चावली, गिळली, तिच्याविषयीं एक शब्द नाहीं. याचें कारण भाषेचें दारिद्र्य म्हणावें तर तसेंही नाहीं. मराठींत खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, आंबूस, उग्र, हिरवट, मातकट, कोंदट असे एकाहून एक नेमके शब्द आहेत. शिवाय दरवळ, परिमळ, घमघमाट हे आहेतच. पण यांतील बहुतेक शब्द स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआड राहिले. शेंगदाणे खमंग भाजले कीं करपले, हें तीन खोल्या पलीकडून सांगणारी गृहिणी सोनचाफ्याचें फूल हातीं आलें कीं 'छान वास आहे' म्हणून थांबते. आम्ही पुरुष तर तेवढेंही म्हणत नाहीं.

साधारण पांचव्या आठवड्यांत लवंग परत आली, पण वेष पालटून आली. तिला जळक्या रबराचा वास येत होता. कॉफीलाही तोच, कांद्याच्या फोडणीलाही तोच. मी घाबरलों, डॉक्टर मात्र खूष झाले. वास घेणाऱ्या मज्जापेशी जन्मभर नव्यानें तयार होत असतात. नवे तंतु मेंदूशीं जुळतांना कांहीं गांठी प्रथम चुकीच्या पडतात, मग सुटतात, असें त्यांचें म्हणणें. 'आठवत राहा,' एवढेंच त्यांनीं पुन्हां सांगितलें. आणि या आठवण्याच्या नादांत मला लवंगेच्या आधीं माझी आजी आठवली.

माझें आजोळ रत्नागिरी जिल्ह्यांत, दापोलीच्या बाजूला. आजीची दृष्टि मी जन्मण्यापूर्वींच कांचबिंदूनें गेली होती. १९६२-६३ च्या सुमारास, मी आठ-नऊ वर्षांचा असतांना, सुटी लागली कीं तिच्याकडे जात असें. उन्हाळ्यांत आढींतले आंबे निवडण्याचें काम तिचें. आंबा देंठापाशीं हुंगून 'हा आजचा, हा परवांचा' असें ती सांगे आणि तें सहसा चुकत नसे. फणसावर ती बोटांनीं टिचक्या मारी. कच्च्याचा आवाज भरीव आणि पिकलेल्याचा पोकळ येई. परसांतल्या कोणत्याही झाडाचें पान तिच्या हातांत द्यावें, ती अंगठा फिरवून नांव सांगे. माझा हा आवडता खेळ होता. एकदां मीं तिला विचारलें, "आजी, तुला तर दिसत नाहीं. मग तुला फुलं कशाला हवीं असतात?" घरांतल्या मोठ्या माणसांनीं माझ्याकडे डोळे वटारले. आजी रागावली नाहीं. "उद्यां पहाटे ऊठ माझ्याबरोबर," एवढेंच म्हणाली.

ती दिवाळीच्या सुटींतली पहाट होती. मागील दारीं पारिजातकाचें झाड होतें. पूजेला खालीं पडलेलें फूल चालतें तें याच झाडाचें. म्हणून आजी रात्रींच त्याच्याखालीं दोन सुपें मांडून ठेवी. अंधार होता. तिनें मला पायरीवर आपल्याजवळ बसविलें आणि ती म्हणाली, "डोळे मीट, नि मग बघ." मीं डोळे मिटले. प्रथम कोंबडा ऐकूं आला, मग दूरचा समुद्र, मग माझाच श्वास. "कांहींच नाहीं," मी म्हणालों. "थांब रे," ती म्हणाली. मग सुपाच्या बांबूवर अगदीं बारीक 'टिप्' असा आवाज झाला. थोड्या वेळानें दुसरा. फुलें पडत होतीं! मी मोजूं लागलों. अठरापर्यंत मोजल्याचें मला आठवतें. वास तर आधींपासून होताच. परंतु आतां प्रत्येक 'टिप्'बरोबर तो वाढतो आहे कीं काय, असें वाटूं लागलें. मग तिनें माझ्या हातांत एक पान दिलें. पारिजातकाचें पान कानशीसारखें खरखरीत असतें. लांकूड घासावयास सुद्धां चालेल. त्याच हातावर तिनें एक फूल ठेवलें. थंड, ओलसर, आणि इतकें हलकें कीं तें ठेवलें आहे कीं नाहीं याची शंका यावी. बोटांनीं जरा दाबलें तर तें काळवंडून मिटून जाई. "एवढ्या राकट झाडाचं एवढं नाजूक लेंकरूं," आजी म्हणाली. उजाडल्यावर मीं तीं फुलें पाहिलीं. केशरी देंठ, आणि भिंगरीसारख्या वळलेल्या पांढऱ्या पाकळ्या, त्याही कोणाला सहा, कोणाला सात. पाकळ्यांची ही कमी-अधिक संख्या पूर्वीं माझ्या ध्यानांत आली नव्हती. लिनियस या स्वीडिश पंडितानें या झाडाला लॅटिन भाषेंत जें नांव ठेवलें त्याचा अर्थ 'रात्रीं फुलणारा दुःखी वृक्ष' असा होतो. झाड दुःखी कां, तर सकाळीं त्यावर फूल दिसत नाहीं म्हणून. आजीनें त्याला दुःखी म्हटलें नसतें.

वास, स्पर्श आणि चव यांपासून होणारा आनंद हा सौंदर्याचा आनंद नव्हेच, असें कोणी विद्वान म्हणेल, आणि त्याच्या पाठीशीं मोठमोठीं नांवें आहेत. प्लेटोच्या एका संवादांत सुंदर म्हणजे डोळ्यांनीं व कानांनीं सुख देणारें, अशी व्याख्या पुढें येते. खाण्यापिण्याचें सुख तींतून वगळलेलें आहे. कांट या जर्मन तत्त्वज्ञानें १७९० च्या आपल्या ग्रंथांत मद्याची गोडी 'रुचिकर' या वर्गांत टाकली आणि 'सुंदर' हें पद तिला नाकारलें. आपल्याकडे मात्र गोष्ट वेगळी आहे. काव्यानंदाला आपण नांवच मुळीं रस असें दिलें, आणि त्याच्या अनुभवाला आस्वाद. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस समजावून देतांना दृष्टान्त घेतला तो जेवणाचा : नाना व्यंजनांनीं युक्त अन्न चाखणारा मनुष्य जसा त्यांतील रस घेतो, तसा प्रेक्षक भाव चाखतो. आणि १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत, योगायोगानें सहाव्याच अध्यायांत, ज्ञानेश्वर श्रोत्यांना सांगतात कीं या बोलांच्या गोडीनें कानांनाच जिभा फुटतील, आणि एका शब्दावरून इंद्रियांचें आपसांत भांडण लागेल. शब्द हा खरोखर कानाचा विषय. पण जीभ म्हणेल हा रस माझा, नाकाला तो सुगंध वाटेल, डोळे त्यांत रूप पाहतील आणि बाहु त्याला आलिंगन द्यावयास पुढें होतील. ज्या भाषेच्या आरंभींच पांची इंद्रियें एकाच पानावर जेवावयास बसविलीं गेलीं, तिच्या लेंकरांनीं निसर्गाकडे नुसत्या डोळ्यांनीं पाहून परत यावें, याचें मला अलीकडे फार नवल वाटतें.

तरीही कांटच्या आक्षेपांत कांहींच तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. जीभ आणि हात हे हव्यासी आहेत. वस्तु आवडली कीं ती त्यांना हवीशी वाटते. साताऱ्याजवळच्या कास पठाराची गोष्ट घ्या. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील जीं स्थळें जागतिक वारशाच्या यादींत गेलीं, त्यांत हें पठार आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तेथें फुलांचे गालिचे दिसतात आणि पाहणाऱ्यांची एवढी रीघ लागते कीं माणसांची संख्या बांधून द्यावी लागली. तेथें 'सीतेचीं आसवें' नांवाचें बोटभर उंचीचें जांभळें फूल आहे. खडकावरच्या पातळ मातींत त्याला पुरेसें पोषण मिळत नाहीं, म्हणून तें रोप जमिनींतल्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यांतले बारीक जीव धरून खातें. अशा ठिकाणीं हात पाठीमागें बांधून ठेवावे हेंच खरें. परंतु वाटेच्या कडेला गुडघे टेकून त्याच्याकडे पाहावें लागतें, ओल गुडघ्यांना लागते, भिजलेल्या गवताचा वास जवळून येतो. म्हणजे हात न लावतांही इंद्रियें कामाला लागतातच.

दगडाच्या बाबतींत असली कांहींच अडचण नाहीं. दगड मनसोक्त हाताळावा. या माझ्यापुढच्या गारगोट्या पाहा, किंवा पाहूं नका, हातांत घ्या. आपला सह्याद्रि ज्या काळ्या पाषाणाचा झाला आहे, तो सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या तप्त लाव्हारसाचा थिजलेला थर आहे. थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या; पुढें त्यांत झिरपलेल्या पाण्यानें स्फटिकद्रव्य आणून भरलें. काळा खडक कालांतरानें झिजून माती होतो, पण आंतली गारगोटी टणक असल्यामुळें मागें उरते. म्हणजे मुठींत मावणारी ही वस्तु एका बुडबुड्याचा साचा आहे. हें सर्व मीं वर्गांत कितीतरी वर्षें शिकविलें, आणि शिकवितांना गारगोटी फळ्याशेजारच्या कपाटांत कांचेआड ठेवलेली असे! आजाराच्या त्या महिन्यांत, नाक बंद असतां, मीं ती प्रथमच नीट हातांत घेतली. एक बाजू पाण्यानें घासून लोण्यासारखी झालेली, दुसरीवर स्फटिकांचे दाणे अजून बोटांना टोंचणारे. गालाला लावली तर गार. शेजारची लांकडी पट्टी तेवढी गार लागत नाहीं, आणि वस्तुतः दोघांचें तापमान एकच असतें. दगड आपल्या त्वचेची ऊब भराभर ओढून घेतो, लांकूड सावकाश घेतें, एवढाच फरक. ऊन-थंड आणि स्पर्श ह्या जाणिवा त्वचेंतून मज्जातंतूंत कशा उतरतात, हें उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्देम पाटापूटियन या दोघांना वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें तें त्याच वर्षीं, २०२१ सालीं. मराठींत तर 'गार' हा शब्दच या दगडाला, आकाशांतून पडणाऱ्या बर्फाच्या गोळ्याला आणि थंडाव्याला असा तिन्हीकडे चालतो.

आणि एक प्रयोग आज रात्रीं मुलांना करून दाखवा. खोली पूर्ण अंधारी करा, चार-पांच मिनिटें डोळे अंधाराला सरावूं द्या आणि दोन गारगोट्या एकमेकींवर जोरानें घासा. घासल्या जागीं आंतून फिकट पिवळसर उजेड चमकून जातो. ही ठिणगी नव्हे. पाण्यांत बुडवून घासल्या तरी उजेड दिसतो. शिवाय एक विचित्र जळकट वास सुटतो. लहानपणीं आम्ही हा खेळ खेळत होतों. ऑगस्टमध्यें एका रात्रीं वीज गेली असतां मीं नातीला तो दाखविला, आणि घासून झाल्यावर दगड नाकाशीं नेला. वास आला. रबराचा नव्हे, गारगोटीचा! मी तो साठ वर्षांनंतरही ओळखला. नातीनें मात्र 'शी!' असें म्हटलें.

आवळ्याविषयीं लांबण लावीत नाहीं. तो आपण सर्वांनीं खाल्लेला आहे. प्रथम तुरट, मग आंबट, आणि त्यावर पाणी प्यालें कीं पाणी गोड. पाण्यांत साखर कोणी घातलेली नसते. तें गोड पाणी घोटभर घेऊन गिळण्यापूर्वीं क्षणभर थांबून पाहावें, एवढेंच माझें सांगणें आहे.

नवरात्राच्या दिवसांत आमच्या इमारतीच्या आवारांतला पारिजातक फुलला. पहाटे साडेपांचला मी खालीं उतरलों. सूप कोठें मिळणार? जुन्या वर्तमानपत्राचें पान पसरलें आणि झाडाखालच्या बांकावर डोळे मिटून बसलों. दुधाच्या गाड्या आणि रिक्षा सुरू झाल्या होत्या. शेजारच्या इमारतीचा पंप चालू होता. कागदावर फूल पडल्याचा आवाज मला ऐकूं आला, असें मी खात्रीनें सांगूं शकणार नाहीं. परंतु पंप थांबला, वारा जरासा हलला, आणि वास आला. पूर्ण नव्हे, वर्तमानपत्राच्या शाईचा वास त्याच्याहून ठळक होता. पण त्या दोहोंतला कोणता कोणाचा, हें मला निःसंशय कळत होतें. पहारेकऱ्यानें येऊन विचारलें, "काका, बरं वाटत नाहीं का?"

मघांशीं भाषणापूर्वीं येथील यंत्र सांभाळणारे तरुण गृहस्थ ध्वनिक्षेपक नीट लावावयास आंत आले होते. वाटीकडे पाहून त्यांनीं विचारलें, "हें काय?" मीं नांव सांगितलें नाहीं, एक फूल त्यांच्या तळहातावर ठेवलें आणि डोळे मिटून हुंगावयास सांगितलें. बकुळ सुकली तरी तिचा वास जात नाहीं, हें आपणांस ठाऊकच आहे. त्यांनीं बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "आमच्या गांवीं देवळाच्या मागं... माझी मोठी बहीण..." इतक्यांत कांचेपलीकडचा लाल दिवा लागला आणि त्यांना जावें लागलें. फूल त्यांच्या मुठींतच गेलें आहे. माझी वेळ संपली. आतां बाहेर जाऊन त्यांचें बोलणें पुरें करून घेतों.